माझ्या ओढीचं धनुष्य: एकाच कारागिराचे दोन लाँगबो, पाच वर्षांनंतर

माझ्या पहिल्या लाँगबोवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लांब धनुष्यावर, मुठीच्या जरा खाली, काळ्या शाईत बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे: लांबी ६८ इंच, २७ इंचांवर ४० पौंड. त्याखाली क्रमांक आणि सही. यातला २७ वाचून बरेच तिरंदाज थबकतात, कारण बहुतेक धनुष्यांवर २८ असतो. धनुष्य ओढायला किती ताकद लागते ते २८ इंच ओढीला, म्हणजे दोरी तेवढी मागे खेचल्यावर, मोजायचं, हा या क्षेत्रातला ठरलेला संकेत आहे; मग ते घेणाऱ्याचे हात लांब असोत की आखूड. माझ्या धनुष्यावर २७ आहे, कारण ते माझा हात मोजून केलेलं आहे. गेली पाच वर्षं मी एकाच कारागिराने केलेले दोन लाँगबो वापरते आहे. हाताने केलेलं धनुष्य मागवावं का, असं मला क्लबमध्ये वरचेवर विचारलं जातं. उभ्या उभ्या उत्तर देऊन समाधान होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हे गृहस्थ एकटेच काम करतात. एक खोली, पट्ट्या घासून पातळ करायचं यंत्र, चिकटवलेल्या पट्ट्या उष्णतेत पक्क्या करायची लांब लाकडी पेटी आणि भिंतीवर कप्पी. तयार माल नसतोच. मागणी नोंदवली की आधी प्रश्न येतात, तेही बरेच. डोळा कुठला प्रबळ? दोरी कशी धरता, एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली, की तिन्ही खाली? मनगट उंच ठेवता की तळहाताचा खालचा भाग मुठीवर टेकवता? आधी कुठल्या धनुष्याने मारत होता, किती वर्षं, आठवड्यातून किती दिवस? मला हे सगळं तेव्हा जास्तीचं वाटलं होतं. त्यातला एकही प्रश्न वाया गेलेला नव्हता, हे नंतर कळलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ओढीच्या लांबीवर. मी छातीठोकपणे २८ लिहून मोकळी झाले होते, कारण आधीच्या रिकर्व्हवर, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर, तेच छापलेलं होतं. त्यांनी ते मानलं नाही. हलकं धनुष्य घ्या, एका लांब बाणावर इंचा-इंचावर खुणा करा, नेहमीसारखं गालाला हात टेकवून पूर्ण ओढा आणि त्या क्षणी मैत्रिणीला बाजूने फोटो काढायला सांगा, असं कळवलं. एक फोटोही चालणार नव्हता. दहा बाण मारून झाल्यावर, दमलेल्या हाताने ओढतानाचा वेगळा हवा होता. दोरीच्या खाचेपासून मुठीच्या सगळ्यात खोल जागेपर्यंतचं अंतर भरलं पावणेपंचवीस इंच. त्यात ठरावीक पावणेदोन इंच मिळवायचे, की प्रमाणित ओढ निघते. म्हणजे साडेसव्वीस. तीन वर्षं मी स्वतःची ओढ दीड इंच जास्त समजत होते.

हा दीड इंच किरकोळ नाही. या ताकदीच्या लाँगबोमध्ये शेवटच्या टप्प्यात दर इंचाला अडीच पौंडांच्या आसपास फरक पडतो. २८ला ४५ पौंडांचं म्हणून घेतलेलं धनुष्य माझ्या हातात जेमतेम ४१ पौंडांचं झालं असतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्याची पाती माझ्या ओढीपर्यंत पुरती कामाला लागलीच नसती. वरचं आणि खालचं पातं, म्हणजे ज्याला सगळे लिम्ब म्हणतात ते, ठरावीक ओढीला ठरावीक वाकेल असं घडवलेलं असतं. त्याच्या अलीकडेच थांबलात तर धनुष्य आळशी लागतं. फार पलीकडे गेलात तर शेवटच्या इंचात ते एकदम भिंतीसारखं अडतं आणि बोटांवरून दोरी स्वच्छ सुटत नाही.

ताकदीवरून आमचा थोडा वाद झाला. मला ४५ हवे होते. त्यांनी ४० वर अडून बसून लिहिलं, "जड धनुष्य मी तुम्हाला कधीही करून देईन. पण जड धनुष्याने लागलेली सवय मला काढून देता येणार नाही." मी नाराजीनेच हो म्हटलं. आज त्या नाराजीचं आश्चर्य वाटतं. ४० पौंडांवर मी शेवटच्या बाणापर्यंत खांद्याची पाती मागे एकमेकींकडे आणू शकते. ४५ वर विसाव्या बाणालाच माझा हात पुढे सरकायला लागला असता.

आता तक्रार. पाच महिने सांगितले होते, आठ लागले. उशीर समजू शकते. लाकूड वाळायचं तेवढ्या वेळात वाळतं आणि एक चिकटवणी फसली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पण मधले जवळजवळ दोन महिने माझ्या एकाही निरोपाला उत्तर आलं नाही. मागणी नोंदवताना पैसे दिलेले असतात, माणूस अनोळखी असतो, मनात नाही नाही ते येतं. नंतर त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, की माझं पहिलं धनुष्य टिलर करताना, म्हणजे पाती घासून नीट वाकती करताना, दोन पौंड खाली उतरलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि दुसरं करायला घेतलं. ही गोष्ट त्या दोन महिन्यांत एका ओळीने कळवली असती तर मी आनंदाने थांबले असते. काम इतकं चोख करणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकाला अंधारात ठेवू नये. या बाबतीत मी त्यांना पूर्ण गुण देत नाही.

धनुष्य एका जाड पुठ्ठ्याच्या नळीतून आलं. दोरी उतरवलेला लाँगबो दिसायला अगदी साधा असतो: एक लांब, जवळजवळ सरळ काठी, मधे कातडं गुंडाळलेली मूठ. माझ्यात गाभ्याला बांबूच्या चार पातळ पट्ट्या आहेत, पुढून-मागून पारदर्शक फायबरग्लासचा एकेक थर आणि मुठीला अक्रोडाचं लाकूड. थर पारदर्शक असल्यामुळे बांबूचे पेर आतून दिसतात, दर वितीवर एक गडद आडवी रेघ. टोकांना शिंगाचे छोटे तुकडे चिकटवून त्यात दोरीच्या खाचा कोरल्या आहेत. दोरी चढवली की ती फक्त या खाचांना टेकते, पात्यांना कुठेही नाही. रिकर्व्हपासून लाँगबो वेगळा ओळखायचा तो इथे.

फायबरग्लास आला म्हणजे धनुष्य पारंपरिक राहिलं का, हा वाद आमच्यात कधी संपत नाही. काचेचा थर धनुष्यांत रुळला तो १९५०च्या दशकात. त्याच्या आधी सगळा भार लाकडावरच असे, आणि लाकडाची खरी करामत यू या झाडात दिसते. यूच्या खोडात बाहेरचं फिकट लाकूड ताण सोसतं आणि आतलं गडद लाकूड दाब सोसतं. एकाच फळीत दोन्ही मिळतात, म्हणून फिकट बाजू लक्ष्याकडे आणि गडद बाजू स्वतःकडे ठेवून धनुष्य घडवत. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं मेरी रोझ हे जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली त्याचा सांगाडा वर काढला. त्याच्या पोटात १३७ अखंड लाँगबो आणि साडेतीन हजारांवर बाण सापडले. धनुष्यं यूचीच, सहा फुटांहून लांब, आणि त्यांची ताकद अभ्यासकांनी १०० पौंडांच्या वर धरली आहे. माझ्या ४० पौंडांसमोर हा आकडा ठेवला की त्या तिरंदाजांच्या पाठीचा अंदाज येतो. मला क्लबमधल्या एका ज्येष्ठ तिरंदाजांनी त्यांचा निव्वळ यूचा लाँगबो तीन आठवडे वापरायला दिला होता. बाण सोडताना तो इतका मऊ लागतो की पुन्हा पुन्हा ओढावंसं वाटतं. पण तो हवेतल्या ओलाव्याबरोबर बदलतो, पूर्ण ओढून ताटकळत धरलेला त्याला सोसत नाही, आणि दिवसाचे पहिले काही बाण त्याला थोडं थोडं ओढून जागं करण्यात जातात. मी रोज मारते, कधी पावसाच्या भुरभुरीतही. माझ्यासाठी बांबू आणि काच ही जोडी योग्य होती आणि मला त्यात परंपरेशी बेइमानी वाटत नाही. वाकतो तो बांबूच, आणि त्याला वळण दिलं ते माणसाच्या हाताने.

पहिले दोन महिने मात्र कठीण गेले. सरळ पात्यांच्या लाँगबोला बाण सुटल्यावर हातात धक्का बसतो, कोपरापर्यंत जाणवणारा. पात्यांत साठलेली सगळी ऊर्जा बाण घेऊन जात नाही. उरलेली मुठीत येते. मी त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, बाण किती वजनाचे? मी हलके कार्बनचे बाण मारत होते. ते बंद करून देवदाराच्या दांड्याचे, पुढे १२५ ग्रेनचं टोक असलेले बाण घेतले. एकेक बाण ४३० ग्रेनच्या आसपास, म्हणजे साधारण २८ ग्रॅम, दर पौंडामागे अकरा ग्रेन. धक्का निम्म्यावर आला. मग मूठ धरण्याची पद्धत बदलली. रिकर्व्हची सवय म्हणून मी मनगट उंच ठेवून नुसत्या अंगठ्याच्या बेचक्यात धनुष्य पेलत होते. या मुठीला ते चालत नाही. प्रवासी बॅगेचा कान धरावा तशी ती धरायची, तळहाताचा खालचा भाग टेकवून, कोपर किंचित सैल ठेवून. तिसरी गोष्ट दोरीची उंची, म्हणजे चढवलेली दोरी मुठीपासून किती दूर आहे ते. आलं तेव्हा सव्वासहा इंच होती. दोरी पिळाची असते. चार-पाच पीळ वाढवले की ती आखडते आणि उंची वाढते. मी दर वेळी थोडे पीळ देऊन सहा बाण मारत गेले आणि कान देऊन ऐकत गेले. साडेसहाला आवाज बदलला. पावणेसातला सुटण्याचा आवाज नुसता "थप्" असा उरला. त्याच्यापुढे गेले तर बाण मंदावायला लागला. तिथेच ठेवलं, आणि पाच वर्षांत ते अंतर मी दर वेळी मारण्याआधी पट्टीने मोजते.

बाणांनी मात्र खरी परीक्षा घेतली. लाँगबोमध्ये बाण टेकायची जागा मधोमध कापलेली नसते. बाण धनुष्याच्या बाजूने निघतो आणि नेम असतो सरळ. सुटताना बाण वाकतो, मुठीला वळसा घालून मग सरळ होतो. तो किती वाकेल हे दांड्याच्या ताठपणावर, म्हणजे स्पाइनवर ठरतं. लाकडी दांड्याचा स्पाइन मोजायची रीत फार सुंदर आहे: २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडा आडवा ठेवायचा, मधोमध दोन पौंडांचं वजन टांगायचं, आणि जितके इंच तो लवेल त्याने २६ला भागायचं. ०.६ इंच लवला तर स्पाइन ४३. मी उत्साहाच्या भरात ५० ते ५५ स्पाइनचे डझनभर बाण आणले होते. सगळे डावीकडे. मी सुटकेत, म्हणजे बोटांतून दोरी सोडण्यात, चूक शोधत होते, अंगठ्यात शोधत होते, डोळ्यांत शोधत होते. महिना गेला. शेवटी त्यांनी सांगितलं, दोन बाणांची पिसं काढून टाका, पिसं असलेले आणि नसलेले बाण एकत्र मारा आणि फक्त बघा. पिसं नसलेले बाण बाकीच्यांच्या हातभर डावीकडे जाऊन बसले, शेपूट तिरकी. मी उजव्या हाताने ओढते. माझ्यासाठी याचा अर्थ दांडा फार ताठ. ४० ते ४५ स्पाइनचे दांडे घेतले आणि ते २९ इंच लांब ठेवले, कारण दांडा जितका लांब तितका तो मऊ वागतो. त्या दिवसापासून बाण मधे यायला लागले. माझ्या सुटकेत काही बदललेलं नव्हतं. नव्या लाँगबोवर नाराज होऊन तो विकायला काढलेली तीन-चार माणसं मला माहीत आहेत. त्यातल्या दोघांना मी हा प्रयोग करायला लावला, आणि दोघांचेही दांडे ताठ निघाले.

मारण्याचा अनुभव शब्दांत सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करते. लाँगबोला नेम धरायची साइट नाही, तोल साधायचे वजनाचे दांडे नाहीत, ओढ पूर्ण झाली हे सांगणारा क्लिकर नाही. ओढ पूर्ण झाल्याचं मला मधल्या बोटाच्या टोकाने ओठाच्या कोपऱ्याला स्पर्श केला की कळतं. ३८ मीटरच्या आसपास बाणाचं टोक लक्ष्याच्या मधावर ठेवलं की बाण मधोमध जातो. १८ मीटरवर तेच टोक जवळजवळ दोन फूट खाली धरावं लागतं. सुरुवातीला मी हे अंतर मोजून धरत होते. आता नजर मधावर असते आणि टोक कडेला कुठेतरी अंधुक दिसतं. चांगल्या दिवशी १८ मीटरवर सहा बाण एका वितीच्या वर्तुळात बसतात. वाईट दिवशी त्याच्या दुप्पट. ६८ इंचांची लांबी इथे फार उपयोगी पडते: बोटांत दोरीचा कोन बोथट राहतो, बोटं चिमटत नाहीत, आणि सुटकेतली छोटी चूक धनुष्य पोटात घालतं. मोठी घालत नाही. ओढ पाव इंच कमी पडली की बाण खाली जातो, लगेच आणि दर वेळी. माझ्या आधीच्या धनुष्यावर क्लिकर होता, तो ओढ पुरी झाली की टिक् करायचा. इथे ते काम पाठीने करायचं असतं. ती शिस्त मला या धनुष्याने लावली.

दोन वर्षांनी मी दुसरा लाँगबो मागवला, आखूड आणि जरा चपळ. या वेळी मी स्वतः घ्यायला गेले आणि त्यांच्या परवानगीने शेवटच्या टिलरचा अर्धा दिवस बसून पाहिला. इतका वेळ मी या लेखात कशावरही घालवणार नाही तेवढा यावर घालवते, कारण हाताने केलेल्या धनुष्याचे पैसे आपण खरे कशाचे देतो ते इथे दिसतं.

धनुष्य भिंतीवरच्या आधारावर आडवं ठेवलेलं. दोरीला आकडा, आकड्याला दोर, दोर कप्पीवरून खाली येऊन त्यांच्या हातात. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून दोर ओढत आणि दोन्ही पाती वाकताना बघत. भिंतीवर मागे आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या. दहा इंच, सोडलं. पंधरा इंच, सोडलं. मग जवळ येऊन वरच्या पात्याच्या मधल्या भागावर पेन्सिलीने दोन बोटं लांब खूण केली. मला काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी पुन्हा ओढून दाखवलं: बाकीचं पातं गोलाईत येत होतं आणि तेवढा तुकडा सपाट राहत होता, केसभर. "हा काम करत नाही," ते म्हणाले, "आणि त्याच्या वाट्याचं शेजारच्यांना करावं लागतं." लाकूड जिथे ताठ तिथे घासायचं, जिथे जास्त वाकतं तिथे कधीच हात लावायचा नाही. काचेच्या धनुष्यात पाठ-पोट घासत नाहीत, पात्याच्या कडा घासतात. त्यांनी कडेला सँडपेपरचे आठ-दहा हात दिले, मोजून. मग दोर पंचवीस-तीस वेळा ओढला-सोडला, कारण घासल्यावर पातं लगेच खरं बोलत नाही, आधी त्याला थोडं चालवावं लागतं. पुन्हा पाहणं, पुन्हा खूण, पुन्हा आठ हात. चार तासांत एकंदर लाकूड-काच निघाली असेल चिमूटभर.

मग पट्टीने दोरीपासून दोन्ही पात्यांचं अंतर मोजलं, मुठीपासून सारख्याच लांबीवर. वरचं अंतर खालच्यापेक्षा अष्टमांश इंचाने जास्त ठेवलं, म्हणजे खालचं पातं किंचित ताठ. मी कारण विचारलं. मूठ धनुष्याच्या मधाच्या जरा खाली येते आणि बाण मधाच्या वरून जातो. एक बोट वर आणि दोन खाली अशी दोरी धरली की खालच्या पात्यावर जास्त ताण येतो. दोन्ही पाती एकाच क्षणी घरी परतायची असतील तर खालच्याला तेवढी जास्त ताकद द्यावी लागते. तिन्ही बोटं बाणाखाली धरणाऱ्यासाठी ते दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी ठेवतात. पहिल्या मागणीच्या वेळचा तो बोटांचा प्रश्न मला तेव्हा आठवला.

त्याच दिवशी त्यांनी माझी ओढ पुन्हा मोजली. सत्तावीस भरली. दोन वर्षांपूर्वी साडेसव्वीस भरली होती आणि तरी त्यांनी माझ्या पहिल्या धनुष्यावर २७ लिहिलं होतं. मला वाटायचं की त्यांनी सोयीसाठी आकडा पुढे ढकलला. तसं नव्हतं. माझ्या फोटोंत ओढणाऱ्या हाताचं कोपर पुरतं मागे गेलेलं नाही हे त्यांना दिसलं होतं. पाठीने ओढायला लागल्यावर ते अर्धा इंच मागे जाईल असा त्यांनी हिशेब केला आणि धनुष्य त्या ओढीवर बांधलं. मला मात्र तेव्हा सांगितलं नाही. का, असं विचारल्यावर म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही हाताने ओढून सत्तावीस केलं असतं."

दुसरा लाँगबो ६२ इंचांचा, २७ इंचांवर ३८ पौंड. याची पाती मुठीजवळ आपल्याकडे आणि टोकाजवळ लक्ष्याकडे कलतात, त्यामुळे दोरी न चढवता ठेवला की आकार हलक्या लाटेसारखा दिसतो. काचेखाली यूचा पातळ पापुद्रा आहे, नारिंगी, बारीक रेषांचा. दोन पौंड कमी असूनही तोच बाण याच्यावरून चपटा जातो. १८ मीटरवर टोक मला पहिल्यापेक्षा आणखी चार बोटं खाली धरावं लागतं. हातात धक्का जवळजवळ नाही. झाडीतून चालत वेगवेगळ्या अंतरांवर मारायच्या फेऱ्यांना मी हाच नेते. पण सपाट मैदानावर, मोजलेल्या अंतरावर, माझे गुण आजही पहिल्या लांब धनुष्यावर जास्त येतात. आखूड धनुष्य हाताचा कल चटकन पकडतं. मनगट जरासं वळलं तरी बाणाला कळतं. एकच घ्यायचं असेल तर मी ६८ इंचांचं सरळ घ्या असं सांगेन, धक्क्यासकट.

बिघाड दोन झाले. पहिल्याच्या वरच्या टोकावरच्या शिंगाला दुसऱ्या वर्षी केसाएवढी चीर गेली. मी दर वेळी कापसाचा बोळा दोन्ही पात्यांच्या कडांवरून फिरवते. कुठे धागा अडकला की तिथे काहीतरी उठलेलं असतं. त्या दिवशी अडकला. फोटो पाठवला, उत्तर त्याच संध्याकाळी आलं: दोरी उतरवा, मारू नका, पाठवून द्या. तीन आठवड्यांत नवं शिंग बसून परत आलं, दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. दुसरा बिघाड माझ्यामुळे झाला. डास पळवायचं औषध हाताला चोळून मी तशीच मारायला गेले आणि मुठीच्या वरच्या भागावरचं पॉलिश चिकट होऊन बोटांचे ठसे उमटले. या औषधांतलं डीट पॉलिश विरघळवतं. ठसे अजून आहेत.

राखण्याच्या बाबतीत फार लाड लागत नाहीत, पण काही गोष्टींना सूट नाही. दोरी चढवताना दोन्ही टोकांना अडकवायचा दोर, म्हणजे स्ट्रिंगर, वापरायचाच. पाय आत घालून मांडीवर वाकवून चढवण्याची पद्धत बघायला ऐटदार आहे आणि तिने पातं पिळवटतं. बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही. ती ऊर्जा घेऊन जायला कुणी नसतं आणि धनुष्य स्वतःलाच मारून घेतं. घरी आलेल्या पाहुण्याच्या हातात चढवलेलं धनुष्य मी याच भीतीने देत नाही. बंद गाडीत उन्हात ठेवायचं नाही, चिकटवणी सुटू शकते. कोपऱ्यात खालच्या टोकावर उभं ठेवायचं नाही. दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचं. दोरीला मेण लावत राहायचं. माझ्या पहिल्या धनुष्याला डॅक्रॉनची दोरी आहे, जरा ताणली जाणारी, त्यामुळे टोकांना धक्का कमी बसतो. दुसऱ्याची टोकं कमी ताणल्या जाणाऱ्या दोरीसाठी मुद्दाम मजबूत केलेली आहेत. दोऱ्यांची अदलाबदल मी करत नाही.

कुणी मागवू नये हेही सांगते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी नको. त्यांची ओढ दर वर्षी बदलते, तयार हलकी धनुष्यं त्यांना बरी. पहिल्या वर्षात कुणीच नको. तुमची ओढ कुठे स्थिरावणार हे तुम्हालाच ठाऊक नसतं, आणि फोटो बघून अर्धा इंच ओळखणारा कारागीर प्रत्येकाला मिळेलच असं नाही. येत्या स्पर्धेसाठी हवं असेल तरही नको. थांबण्याची तयारी असेल तर मागवा, आणि पहिल्याच पत्रात ठरवून घ्या की महिन्यातून एकदा काम कुठवर आलं ते कळवायचं. मी दुसऱ्या वेळी तसं ठरवून घेतलं. सात महिने लागले, दर महिन्याला एक फोटो आला. एकात नुसत्या चिकटवलेल्या पट्ट्या होत्या, शिकंज्यांत आवळलेल्या, दोन्ही कडांनी गोंद ओघळलेला. तो फोटो मी अजून ठेवला आहे.

गेल्या महिन्यात पहिल्याची दोरी तिसऱ्यांदा बदलली. नवी दोरी पहिले दोनशे-अडीचशे बाण ताणत जाते, उंची रोज थोडी उतरते. काल पुन्हा तीन पीळ दिले. पावणेसात.